रोखलेला माल कोणी सोडला?

१

कोल्ड स्टोअरच्या तिसऱ्या ओळीत भागोजी पाटलांच्या तळ्यातली कोळंबी असायला हवी होती. तिथे लाकडी फळ्या होत्या, फळ्यांवर बर्फाची भुकटी होती आणि निळ्या नायलॉन दोरीचा एक तुकडा पडला होता. कोळंबी नव्हती.

मृणाली म्हात्रेनं तो तुकडा उचलला, उगाच, घरी जमिनीवरचं काहीही उचलायची सवय लागली होती म्हणून. रांगतं बाळ दिसेल ते तोंडात घालतं. तुकडा खिशात टाकून तिनं मागे बघितलं.

"काळूकाका, हा माल होल्डवर होता ना?"

"व्हय," काळूराम म्हणाला. कोल्ड स्टोअर त्याच्या ताब्यात होतं. कानटोपी त्यानं हातात घेतली होती, एवढ्या गारठ्यात.

"मग गेला कुठे?"

"सोमवारच्या कंटेनरमधी."

रेवसच्या अलीकडे खाडीकाठी असलेल्या 'सप्तखाडी फ्रोझन'चा सगळा धंदा एका साध्या नियमावर उभा होता: प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत परदेशी जायचा माल हलवायचा नाही. हलवायचा तो फक्त मृणालीच्या परवानगीनं. नियम पाळले जातात की नाही हे बघायचं, हीच तिची नोकरी. आणि आज सकाळी रिपोर्ट आला होता. भागोजींच्या कोळंबीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं.

"सोडायला कोणी सांगितलं?"

"मेसेज आला व्हता."

"कोणाचा?"

काळूराम कानटोपीकडे बघत राहिला.

"काका, मेसेज दाखवा मला."

"पुसला गेला. एका दिवसात जातात ना सगळे." मग हलक्या आवाजात, "तुम्ही बाहेर व्हा ताई. गारठ्यात उभ्या नका राहू. अंगावरचं पोर हाय तुमचं."

मालक हरेश्वर शेठच्या केबिनमध्ये निकाल आधीच लागलेला होता. शेठचा मुलगा मितेश खुर्चीत फिरत होता, उत्पादन बघणारा प्रणय भिंतीला टेकून उभा होता.

"चार वाजता तपासणीचे साहेब येतायत," शेठ म्हणाले. "कंटेनर अजून बंदरातच आहे, तो परत बोलावता येईल. पण माल गेला कसा, हे लिहून द्यावं लागेल. तू लिही. काळूरामनं स्वतःच्या अकलेनं माल सोडला. कंपनीनं त्याला काढून टाकलं, पोलिसांत तक्रार देतोय."

"तो म्हणतोय, मेसेज आला होता."

"मग फोन दाखव म्हटलं, तर देत नाही. छातीशी धरून बसलाय. चोर नाही तर काय?"

मृणालीनं ओढणी सावरली. शेठनी बाळाच्या बारशाला चांदीचा वाळा दिला होता, त्यांच्यापुढे आवाज चढवायची तिला लाज वाटायची. तरी ती म्हणाली, "खाली सही माझी असणार आहे शेठ. चारपर्यंत मला विचारपूस करू द्या."

"कर. पण चारला कागद तयार पाहिजे."

या किनाऱ्यावर मासळीचे कारखाने बोटावर मोजण्याइतके. मालचोर म्हणून काढलेल्या माणसाला रेवसपासून माणगावपर्यंत कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

२

मितेशशी बोलणं सोपं होतं आणि नकोसंही. अलिबागच्या कॉलेजात तो तिच्या एक वर्ष पुढे. मेसेज एका दिवसात पुसले जाण्याची पद्धत त्यानंच आणली होती. मागच्या वर्षी कंपनीचे भाव दुसऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचत होते. मग मितेशनं सगळा कारभार कुलूपबंद ॲपवर नेला. पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला अक्षर दिसणार नाही, आणि चोवीस तासांनी त्या दोघांनाही नाही.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मृणाली म्हणाली. "कुलूप ठेव, पण माल सोडायचे मेसेज तरी एका जागी साठव. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काही नको?"

"साठवलं की फुटतं. तुला रेकॉर्ड पाहिजे, मला धंदा पाहिजे."

"आता दोन्ही गेलं."

"म्हणजे आता मी पाठवला मेसेज?"

"तुला घाई होती. कंटेनर अर्धा रिकामा जाणार होता."

"घाई होती, मान्य. सोमवारी सकाळपासून प्रणयच्या नावानं ओरडत होतो. पण कोल्ड स्टोअरमध्ये माल कुठे ठेवतात, कसा काढतात, मला आजही ठाऊक नाही. त्या वासात कोण जाणार?"

रुमाल काढताना तिच्या खिशातून निळ्या दोरीचा तुकडा टेबलावर पडला.

"हे काय? कोळीण झालीस की काय? जाळी विणतेस?"

तिनं तुकडा परत खिशात टाकला.

प्रणय जास्त दुखावलेला होता. "सगळे माझ्याकडे बघतायत. उत्पादनाचे मेसेज मीच टाकतो, म्हणून मेसेज म्हटलं की प्रणय. सोमवारी कंटेनर भरत होता तेव्हा मी हॉलमध्ये तुझ्यासमोर होतो की नाही? केसांची जाळी नीट घाल म्हणून तूच मला बायकांसमोर झापलंस. फोन होता का माझ्या हातात?"

नव्हता. कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये फोन न्यायला बंदी होती. फाटकावर लाकडी खणांची पेटी होती, प्रत्येकानं आपला फोन आपल्या खणात ठेवायचा, हात धुवायचे, गमबूट घालायचे आणि मग आत. कंटेनर भरायला सुरुवात झाल्यापासून सील लागेपर्यंत ती आणि प्रणय दोघं आतच होते.

राहिली दिशा. लॅब सांभाळणारी दिशा ठाकूर. मृणालीच्या बाळंतपणाच्या रजेत तिची खुर्चीही दिशानंच सांभाळली होती.

"मला काही सुचत नाहीये," दिशा म्हणाली. तिच्यासमोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती. "भागोजींचं तळं कधीच खराब निघालं नव्हतं गं. कधीच नाही."

"काळूकाका कोणाचं नाव झाकत असेल?"

"तुला असं का वाटतं, की झाकतोय?"

मृणाली उठली. पण प्रश्न तिच्या डोक्यात रुतून बसला, आणि जिना उतरता उतरता ती मधल्याच पायरीवर थांबली.

मेसेज पुसला गेलाय, तर काळूराम फोन का दाखवत नाही?

३

रिकामा फोन दाखवायला भीती कसली? खोटं बोलणारा माणूस उलट पुढे करील, बघा, होता, आता गेला. जो दडवतो त्याच्या फोनमध्ये काहीतरी शिल्लक असणार.

तिनं स्वतःचा फोन काढला. सासूबाईंचा मेसेज होता, बाळाला दात येतायत, किरकिर चालू आहे, काळजी नको. काळजी नको म्हटलं की तिला हमखास काळजी वाटायची. तिनं तो बाजूला सारला आणि नवऱ्याशी असलेल्या चॅटवर प्रयोग करून पाहिला. मेसेज पुसले जायची सोय चालू केली. लगेच मधोमध एक फिकट ओळ उमटली: तुम्ही ही सोय चालू केली आहे. मेसेज जातील, पण ती सोय कोणी चालू केली ते सांगणारी ओळ जात नाही.

सगळ्यांच्या ग्रुपवर ती सोय मितेशनंच लावलेली होती, आणि आदेश तिथे आला असता तर तो तिनंही वाचला असता. म्हणजे तो ग्रुपवर आलाच नव्हता. कोणीतरी काळूरामला एकट्याला पाठवला होता, आणि पाठवण्याआधी त्या दोघांपुरती ही सोय चालू केली होती. काळूरामच्या फोनवर त्या माणसाच्या नावाची ओळ अजून असणार. ती ओळ एकदा दाखवली असती तर त्याची सुटका होती. तरीही तो दाखवत नव्हता.

कोणासाठी? मितेशसाठी तो तोंड शिवून बसला नसता. मितेश त्याला नावानं हाकही मारत नाही, 'ए फ्रीजर' म्हणतो. प्रणयशी त्याचं रोज वाजायचं. शेठसाठी? शेठच तर त्याला काढायला निघाले होते.

आणि कोणी सांगितलं असतं तर त्यानं होल्डचा माल हलवला असता? काळूराम नियमाचा पक्का. मितेशनं कितीदा धमकावलं, तरी परवानगी नसताना त्यानं एक खोकं हलू दिलं नव्हतं.

आता त्यालाच लिहावं, काका, घाबरू नका, मला एकटीला सांगा, म्हणून तिनं काळूरामचं नाव उघडलं. दोघांचं बोलणं नेहमी समोरासमोर किंवा ग्रुपवर. त्याच्या नावावर ती कित्येक दिवसांत गेली नव्हती.

आतलं पान कोरं होतं. मधोमध एकच फिकट ओळ होती.

तुम्ही ही सोय चालू केली आहे.

खाली तारीख सोमवारची.

४

जिन्यात कोणी नव्हतं, तरी तिला वाटलं की सगळी कंपनी आपल्याकडे बघतेय. सकाळपासून ती ज्याच्या मागे लागली होती, तो काळूराम तिचंच नाव पोटात घेऊन बसला होता.

तो कोल्ड स्टोअरच्या बाहेर, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला होता. ती त्याच्या शेजारी दुसऱ्या क्रेटवर टेकली.

"माझ्या फोनवरून आला होता मेसेज."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मला वाटला, तुमचा लक्ष नसल. रात्रीची झोप न्हाय, पोर लहान. आमच्या सुनेचा पण असाच होता, मीठ समजून साखर टाकायची कालवणात. माणसाकडून व्हते चूक."

"आणि तुम्ही नोकरी घालवणार होतात?"

"माझा काय, मी शेतावर जाईन. तुमचा आत्ताच सुरू झालाय ना."

तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. "काका, शब्द न शब्द सांगा. काय लिहिलं होतं?"

"भागोजीचा माल सोडा, रिपोर्ट चांगला हाय. दोरी खिडकीत ठेवलीय. एवढाच. मी लॅबच्या खिडकीत बघितला, दोरी व्हती. मग सोडला."

"कसली दोरी?"

काळूरामनं वळून तिच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

"तुम्हाला दोरी म्हायती न्हाय?"

तिनं खिशातला तुकडा तळहातावर धरला. "ही?"

"हीच. तुमच्या सुट्टीत चालू झाला. हिरवा स्टिकर बर्फात टिकत न्हाय, गळून पडतो. मग ठरवला, माल पास झाला का लॅबमधून निळी दोरी यायची. ती बांधल्याबिगर माझ्याकडून खोका हलत न्हाय." तो थांबला. त्यालाही आता पुढचं दिसत असावं, कारण त्यानं नजर खाली नेली. "म्हणजे तुम्ही न्हाय पाठवला."

"नाही."

"मी काय काय मनात आणला तुमच्याबद्दल," तो पुटपुटला.

मी तुमच्याबद्दल आणलं तेवढं नाही, असं तिला म्हणायचं होतं. ती उठून फाटकाकडे निघाली.

फाटकावर कमळ बसली होती, बायकांना हातमोजे द्यायला आणि त्यांची नखं तपासायला. तिच्या डोक्यावर, खणांच्या पेटीच्या वर, एक छापील कागद चिकटवला होता: 'आपला फोन, आपलं कुलूप. उघडण्याची खूण कोणालाही सांगू नये.' खाली मृणालीची सही होती.

"कमळमावशी, सोमवारी मी आत असताना माझा फोन कोणी उघडला?"

"मीच उघडला की. तुम्हीच सांगून ठेवलाय. सासूबाईंचा मेसेज आला, पोर दूध पिऊन झोपला, तर काचेतून बोलले तुम्हाला."

हो. लाज वाटावी अशीच ती गोष्ट. बायका आत गेल्या की कमळ त्यांचे फोन उघडून काचेपाशी मेसेज वाचून दाखवायची. कोणाचं पोर पडलं, कोणाचा नवरा आला. ही पद्धत मोडायला मृणालीनं तो कागद लावला. आणि रजेवरून परतल्यावर, बाळ घरी ठेवून आलेल्या पहिल्याच दिवशी, तिनं कमळच्या कानात स्वतःच्या फोनची खूण सांगितली. वरून खाली, मग उजवीकडे. कमळ ती खूण दिवसातून दहादा सगळ्यांदेखत बोटानं काढायची. जगातला कोणी चोर फोडू शकला नसता असं कुलूप, आणि चावी तिनं फाटकावर टांगलेली.

"त्यानंतर फाटकावर कोण कोण आलं?"

"मितेशशेठ आले, खिडकीतून प्रणयदादाच्या नावानं बोंबलून गेले. मग दिशाताई, मोजे पाहिजेत बोलल्या. मोठ्या मापाचे नव्हते, मी आतल्या खोलीतून आणायला गेले."

"त्या वेळी इथे कोण होतं?"

"दिशाताई व्हत्या. दुसरा कोणी आला असला तर मला नाय दिसला." कमळचा चेहरा उतरला. "ताई, माझ्यामुळं काय झाला का?"

"नाही मावशी. माझ्यामुळं."

५

हिशेब आता सरळ होता. निळी दोरी तिघांनाच ठाऊक होती: काळूरामला, प्रणयला आणि दिशाला. काळूरामनं स्वतःसाठी मृणालीच्या फोनवरून मेसेज पाठवला नसता. पाठवला असता तर आज तो दडवायच्या ऐवजी दाखवत सुटला असता. प्रणय हॉलमध्ये तिच्या डोळ्यांसमोर होता. मितेशला फोनची खूण कळली असेलही, पण निळी दोरी बघून त्याला जाळं आठवलं. आणि मृणालीच्या नावानं लिहिणाऱ्याला एक गोष्ट सुचली नव्हती, की मृणालीला दोरी माहीतच नाही. सहा महिने रोज दोरी बांधून घेणाऱ्याला ते कसं सुचावं?

दिशानं लॅबचं दार आतून लावलेलं नव्हतं. वाट बघत असावी तशी ती बसली होती.

"सॅम्पल कधी पाठवलंस?" मृणालीनं विचारलं.

दिशानं डोळे मिटले. "शुक्रवारी रेवसच्या लाँचनं जायला हवं होतं. डबा माझ्याच फ्रीजमध्ये राहिला. सोमवारी सकाळी दिसला."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? तुझ्या जागेवर सहा महिने बसले, एक चूक झाली नाही. तू आलीस त्या दिवशी शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, आता कंपनी जाग्यावर आली. म्हणजे तोवर मी काय करत होते? आणि आता म्हणू, की डबाच पाठवायला विसरले? मितेश कंटेनरसाठी डोकं फोडत होता. भागोजींचा माल कायम स्वच्छ. वाटलं, दोन दिवसांनी रिपोर्ट येईल, कोणाला कळणार पण नाही."

"माझ्या नावानं, दिशा."

"परवानगी तुझीच चालते ना आता." तिचा आवाज तुटला. "खूण मला विचारावी पण लागली नाही गं. सगळ्यांना पाठ आहे."

हे मृणालीला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. बारशाच्या दिवशी हिनंच पाळण्याची दोरी धरली होती. आणि रजेवरून आल्यावर, सहा महिने कसे गेले, काय बदललंस, हे मृणालीनं हिला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर निळी दोरी पहिल्याच दिवशी कळली असती.

"चार वाजता मी सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "माझं आधी."

तपासणीचे साहेब वेळेवर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी शेठचा कागद वाचला, ज्यात काळूरामवर ठपका होता आणि खाली मृणालीच्या सहीची जागा सोडली होती. काळूराम दाराशी उभा होता.

"या कागदावर मी सही करणार नाही," मृणाली म्हणाली.

शेठनी तिच्याकडे असं बघितलं की तिला वाळा आठवला. तरी ती बोलत राहिली. माल सोडायचा मेसेज तिच्या फोनवरून गेला. फोन तिनं फाटकावर ठेवला आणि उघडायची खूण स्वतः सांगून ठेवली, स्वतःच लावलेल्या नियमाच्या कागदाखाली. बाळाची खबर कळावी म्हणून. बोलताना तिच्या लक्षात आलं की बाळाचं कारण ऐकताच साहेबांचा चेहरा मवाळ झाला, आणि त्या मवाळपणाचीही तिला लाज वाटली.

"आणि पाठवला कोणी?"

"मी," दारातून आवाज आला. दिशा आत येऊन उभी राहिली. "पुरावा काही उरलेला नाही साहेब. मी सांगतेय, तेवढाच."

मितेश काहीतरी बोलायला गेला. साहेबांनी हात वर केला.

"तुमचे मेसेज तुम्ही कुलपात ठेवा, माझी हरकत नाही. भाव तुमचे, गिऱ्हाईक तुमचं. पण माल खाणारा माणूस आजारी पडला आणि मी विचारायला आलो, तर तुम्हाला तरी ते कुलूप उघडता यायला नको? इथे तर तुमचीच माणसं तुमच्यापासून बंद." त्यांनी बंदरात फोन लावून कंटेनर थांबवायला सांगितलं. मग शेठकडे वळून म्हणाले, चौकशी होईपर्यंत निर्यात बंद. शेठ खुर्चीत अधिकच खाली सरकले. काळूरामच्या नावाचा कागद साहेबांनी आडवा फाडला.

"तुम्ही या इकडे," ते काळूरामला म्हणाले. "आदेश चुकीचा वाटला असेल, नंतर तर कळलाच. मग कोणाला सांगितलं का नाही?"

काळूराम दोन पावलं पुढे आला. त्यानं मृणालीकडे बघायचं टाळलं, आणि त्या टाळण्यात माया होती म्हणून ते तिला आणखी जड गेलं.

"कोणाला सांगू साहेब?" तो म्हणाला. "इथं काय चुकला तर मृणालीताईंना सांगायचा, असाच नियम हाय. आणि मेसेज त्यांचाच व्हता."

साहेबांनी पेन पुढे केलं. मृणालीनं ते वाक्य काळूरामनं म्हटलं तसंच्या तसं कोऱ्या कागदावर उतरवलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.